विस्मय आणि अभिमान : अद्भुत गोल आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद – एक रसशास्त्रीय विचार

प्रास्ताविक

स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा येथे १३ मे २०११ रोजी आइस हॉकीच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत फिनलंड आणि रशिया यांच्यात उपान्त्य सामना झाला. आइस हॉकीत चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते व ती बर्फावरून घसरत जाते. फिनलंडचा एकोणीस वर्षांचा खेळाडू मिकाएल ग्रानलुंड ही चकती घेऊन रशियाच्या गोलजाळीच्या मागे गेला. जाळीच्या मागून गोल होत नाही. तेथून चकती पुढे सहकाऱ्याकडे ढकलावयाची असते. ग्रानलुंडने ती ढकलली नाही. उलथन्याने तव्यावरची भाकरी उचलावी तशी त्याने ती स्टिकच्या पात्यावर उचलली आणि पुढे वळून जाळीच्या वरच्या कोपऱ्यातून आत ठेवून दिली. गोलरक्षकाला काय झाले हे कळले तेव्हा गोल होऊन गेला होता. फिनलंडने तो सामना ३-० असा जिंकला आणि दोनच दिवसांनी स्वीडनचा ६-१ असा पराभव करून सुवर्णपदक मिळविले.

या गोलानंतर फिनलंडमध्ये जे घडले ते साहित्याच्या अभ्यासकाने पाहण्यासारखे आहे. अन्तेरो मेर्तारान्ता या समालोचकाचा त्या वेळचा उद्गार लोकांच्या तोंडी बसला. त्या कृतीसाठी वापरला गेलेला ‘इल्मावेइवी’ हा शब्द बोलीभाषेत रुळला. त्याच वर्षी तेथील टपाल खात्याने या गोलाचे तिकीट काढले. सुवर्णपदक अंतिम सामन्यात मिळाले; तिकीट मात्र उपान्त्य सामन्यातील एका गोलावर निघाले, हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. विजयाचा आनंद आणि विस्मयाचा आनंद या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात आणि प्रेक्षकसमूहालाही त्यांतील फरक कोठे तरी जाणवत असावा, असा तर्क त्यावरून करता येतो.

प्रस्तुत लेखात या तर्काचा पाठपुरावा केला आहे. त्यासाठी साधन म्हणून भरतमुनींचे नाट्यशास्त्र आणि त्यावरील अभिनवगुप्तांचा विचार घेतला आहे. उदाहरणे मात्र क्रीडांगणावरील आणि शक्य तेथे आपल्या महाराष्ट्रातील आहेत. क्रीडा आणि काव्य यांची अशी सांगड घालणे काहींना अतिप्रसंग वाटेल. परंतु प्रेक्षक नावाच्या प्राण्याचे इतके बारीक निरीक्षण नाट्यशास्त्राइतके दुसऱ्या कोणत्या प्राचीन ग्रंथात असेल, असे वाटत नाही.

भरतांनी पाहिलेला प्रेक्षक

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात अद्भुत रसाचे विवेचन येते. विस्मय हा त्याचा स्थायिभाव. त्याचे जे अनुभाव भरतमुनी नोंदवितात ते असे : डोळे विस्फारणे, पापणी न लवविता पाहत राहणे, अंगावर रोमांच येणे, अश्रू, घाम, हर्ष, साधुवाद, दान, अखंड हाहाकार, तसेच हात, मुख, वस्त्र आणि बोटे फिरविणे. ही यादी रंगभूमीवरील पात्राच्या अभिनयासाठी आहे हे खरे. तथापि कोणत्याही मोठ्या सामन्यात गोल झाल्यानंतर प्रेक्षागाराकडे पाहावे; या यादीतील एकही बाब गाळता येणार नाही आणि यादीबाहेरचे फारसे काही सापडणार नाही. अंगातला सदरा काढून गरगर फिरविणारा तरुण आपल्याला आजच्या काळाचे अपत्य वाटतो. भरतांच्या यादीत तो वस्त्र फिरविणारा म्हणून आधीच येऊन बसला आहे.

सत्ताविसाव्या अध्यायात विषय अधिक थेट येतो. तेथे चर्चा पात्राची नाही, प्रेक्षकांचीच आहे. प्रयोग सफल झाला हे कशावरून ओळखावे? भरत दोन सिद्धी सांगतात, मानुषी आणि दैवी. मानुषी सिद्धी वाणीने व शरीराने प्रकट होते. वाणीने म्हणजे स्मितापासून मोठ्या हसण्यापर्यंत, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ हे उद्गार आणि शेवटी एकसारखा उठणारा गलका. शरीराने म्हणजे रोमांच, आसनावरून उठून उभे राहणे, चेलदान म्हणजे वस्त्र देणे, आणि बोटे उडविणे.

चेलदान या एका शब्दापाशी थोडे थांबावयास हवे. एखाद्या खेळाडूने एकाच सामन्यात तिसरा गोल केला की कॅनडा आणि अमेरिकेतील आइस हॉकीचे प्रेक्षक आपल्या डोक्यावरील टोप्या बर्फावर फेकतात. शेकडो टोप्या पडतात, त्या गोळा होईपर्यंत खेळ थांबतो. आपल्याकडील कुस्तीच्या फडात नेमका डाव बसून मल्ल चितपट झाला की फेटे आणि टोप्या हवेत उडतात, आणि कोणी तरी गर्दीतून वाट काढत आत जाऊन विजयी मल्लाच्या हातावर बक्षिसाची नोट ठेवतो. चेलदान आणि दान ही दोन्ही तेथे एकाच क्षणी घडतात. या प्रथांचा एकमेकींशी ऐतिहासिक संबंध आहे असे सुचवावयाचे नाही. विस्मित झालेल्या माणसाला स्वतःजवळचे काही तरी टाकून द्यावेसे वाटते, एवढेच यातून दिसते. पायांजवळची वस्तू तो टाकत नाही, डोक्यावरची टाकतो. आपल्याकडे डोक्यावरच्या वस्तूला काय मान आहे हे निराळे सांगावयास नको.

उद्गारांचेही तसेच आहे. ‘साधु’ची जागा मराठीत ‘शाब्बास’ने घेतली. तो मूळ फारसी. ‘आनंदी राहा’ असा त्याचा अर्थ. ‘वाहवा’ही तिकडचीच. आणि ‘अफलातून’ हा तर प्लेटोच्या नावाचा अरबी उच्चार. ज्या तत्त्वज्ञाने विस्मय हा तत्त्वज्ञानाचा आरंभ मानला, त्याच्याच नावाने मराठी माणूस अद्भुत गोलाला दाद देतो, हा भाषेचा एक गमतीदार योगायोग म्हणावयास हवा.

नियमांच्या आतला चमत्कार

अद्भुत कशाला म्हणावयाचे, हा पुढचा प्रश्न. केवळ अनपेक्षित ते अद्भुत नव्हे. गोलरक्षक पाय घसरून पडला आणि चेंडू जाळीत गेला तर ते अनपेक्षित असते, प्रेक्षक हसतात. केवळ अवघड तेही अद्भुत नव्हे. परभणी–परळी लोहमार्गावरील पोखर्णी हे गाव नृसिंहाचे ठिकाण म्हणून मराठवाड्यात सर्वदूर परिचित आहे. या परिसरातील वाचकाला नृसिंहाची कथा सांगण्याची आवश्यकता नाही; पण अद्भुताची व्याख्या करण्यासाठी तिच्याइतके सोयीचे उदाहरण मिळणार नाही.

हिरण्यकशिपूने मागितलेला वर ही एक नियमावलीच आहे. घरात मरण नको, घराबाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, जमिनीवर नको, आकाशात नको, माणसाकडून नको, पशूकडून नको, शस्त्राने नको. देवाने वर मोडला असता तर ती सामान्य गोष्ट झाली असती, कारण नियम मोडण्याला केवळ बळ लागते. कथेची खुमारी अशी की एकही अट मोडली जात नाही. उंबरठा, संध्याकाळ, मांडी, नखे आणि ते नर-सिंहरूप. प्रत्येक अटीच्या दोन टोकांमध्ये शिल्लक राहिलेली बारीक फट शोधून काढलेली आहे. सर्व नियम पाळले जातात आणि तरीही कोणाच्या कल्पनेत नव्हते ते घडते. माझ्या मते अद्भुताची खूण हीच होय.

फुटबॉलच्या इतिहासातील एक प्रसंग या संदर्भात बोलका आहे. २२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीतील अझ्तेका स्टेडियममध्ये अर्जेंटिना आणि इंग्लंड यांच्यात विश्वचषकाचा उपान्त्यपूर्व सामना झाला. दिएगो मॅराडोनाने त्यात दोन गोल केले. पहिला हाताने, पंचांची नजर चुकवून. दुसरा अवघ्या चार मिनिटांनी, स्वतःच्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेऊन निघत, इंग्लंडचे खेळाडू एकामागून एक मागे टाकत आणि शेवटी गोलरक्षकालाही चुकवून. पहिल्या गोलाचीही कीर्ती झाली, परंतु ती चातुर्याची किंवा लबाडीची कीर्ती आहे. तिची चर्चा नेहमी वादाच्या अंगाने होते. दुसऱ्या गोलाविषयी वाद नाही. गोलफलकावर दोहोंची किंमत एकच. प्रेक्षकाच्या स्मृतीत ती एक नाही. ग्रानलुंडच्या गोलाचे वेगळेपणही असेच. जाळीच्या मागून थेट गोल करता येत नाही हा नियम नव्हता, ती केवळ सवय होती. वस्तुतः ही युक्ती त्याचीही नव्हे. १९९६ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या माइक लेग याने ती करून दाखविली होती. परंतु जागतिक स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात ती करून पाहण्याचे धाडस, हाच तेथे अद्भुताचा विभाव ठरला.

नृसिंहकथेतील आणखी एक बारकावा सहसा लक्षात घेतला जात नाही. भागवताच्या सातव्या स्कंधात खांबातून ते रूप प्रकट होताना पाहून विस्मयाचा उद्गार निघतो तो प्रत्यक्ष हिरण्यकशिपूच्या मनात. हा पशू नाही, मनुष्यही नाही, मग हे विचित्र रूप कोणते, असा तो विचार करतो, आणि त्यात ‘अहो’ हा शब्द आहे. भरतांनी सिद्धीच्या उद्गारांत नोंदविला तोच. ज्याचा वध व्हावयाचा आहे तोच पहिला रसिक ठरतो. थोड्याच वेळात तो गदा उचलून धावतो. पण मध्ये एक क्षण आहे, आणि त्या क्षणी त्याच्या मनात शत्रुत्व नाही.

पहिल्याच प्रयोगातील दोन बाजू

क्रीडाप्रेक्षकाच्या प्रतिसादाला ‘रस’ म्हणण्यावर मुख्य आक्षेप असा येईल की तो प्रेक्षक पक्षपाती असतो. नाटकाचा प्रेक्षक दुष्यंताच्या बाजूने पैज लावून बसत नाही. अभिनवगुप्तांनी रसास्वादाच्या विघ्नांत दोन विघ्ने अशी सांगितली आहेत की ती जणू स्टेडियम पाहूनच लिहिली असावीत. ‘हे माझे’ आणि ‘हे परक्याचे’ अशा निश्चयाने विशिष्ट स्थळकाळात गुंतून पडणे हे एक, आणि स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे दुसरे. ‘आपण जिंकलो’ या वाक्यातील ‘आपण’ हा शब्द या दोन्ही विघ्नांचे मूर्त रूप होय. मराठीत रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद यांचा जो ऊहापोह केला आहे, त्याच्या परिभाषेत बोलावयाचे तर सामन्याचा आनंद पूर्णपणे लौकिक ठरेल. निकाल खरा असतो, पदक खरे असते, पराभवाची रात्रही खरी असते.

आक्षेप बलवान आहे. परंतु नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय वाचताना असे दिसते की भरतांना हा प्रश्न पहिल्याच प्रयोगात भेटला होता. इंद्राच्या ध्वजमहोत्सवात पहिला नाट्यप्रयोग झाला. विषय होता देवांनी दैत्यांवर मिळविलेला विजय. प्रेक्षकांत देवही होते आणि दैत्यही. देव इतके प्रसन्न झाले की त्यांनी नटांना भेटी दिल्या. इंद्राने आपला ध्वज दिला, इतरांनी आपापल्या वस्तू दिल्या. दैत्यांना मात्र तो स्वतःच्या पराभवाचा खेळ सहन झाला नाही. विरूपाक्षाच्या पुढाकाराने विघ्नांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती गोठवून टाकली. पुढे इंद्राने जर्जराने विघ्नांना झोडपले, रंगगृहाला संरक्षक देवता नेमल्या गेल्या. आजच्या भाषेत बंदोबस्त लावण्यात आला. मग ब्रह्मदेवाने दैत्यांची समजूत घातली. हे नाट्य केवळ तुमचे नाही आणि केवळ देवांचेही नाही, तिन्ही लोकांच्या भावांचे ते अनुकीर्तन आहे, असा त्या समजुतीचा आशय.

या कथेत सहसा दैत्यांना दोष दिला जातो. मला येथे देवांविषयीही शंका घ्यावीशी वाटते. त्यांनी दिलेल्या भेटी प्रयोगाच्या गुणांना होत्या की स्वतःच्या विजयाच्या उजळणीला? विषय उलटा असता तर इंद्राने ध्वज दिला असता का? भरतांनी हा प्रश्न विचारलेला नाही, पण ब्रह्मदेवाचे उत्तर देवांनाही तितकेच लागू पडते. दाद आणि विघ्न ही दोन्ही त्या दिवशी एकाच मुळातून उगवली होती, ती म्हणजे अभिमानातून. अभिमान हा शब्द मी येथे निंदाव्यंजक अर्थाने वापरीत नाही; ‘हे माझे आहे’ ही जाणीव, एवढाच त्याचा अर्थ अभिप्रेत आहे.

दोन क्षण, दोन शांतता

अद्भुत गोलाला मिळणारा प्रतिसाद एकसंध नसतो, असे माझे प्रतिपादन आहे. त्यात दोन क्षण असतात. पहिला अत्यंत आखूड. डोळे विस्फारतात, तोंड उघडे राहते, आवाज फुटत नाही. या क्षणी दोन्ही बाजूंचे प्रेक्षक सारखेच दिसतात. दुसऱ्या क्षणी ‘माझे’ आणि ‘परक्याचे’ यांची आठवण येते; अर्धे उसळतात, अर्धे खाली बसतात. पहिला क्षण विस्मयाचा, दुसरा अभिमानाचा. बहुतेक सामन्यांत दुसरा क्षण पहिल्याला इतक्या लवकर गिळतो की तो होता हेही कळत नाही. म्हणून पहिल्या क्षणाचा पुरावा शोधावयाचा तर प्रतिपक्षाच्या प्रेक्षकांत शोधावयास हवा.

असा पुरावा मिळतो. ३ एप्रिल २०१८ रोजी इटलीतील तुरिन येथे युव्हेंटस विरुद्ध रेआल माद्रिद या सामन्यात क्रिस्तियानो रोनाल्डोने हवेत उलटे होऊन डोक्यावरून गोल मारला, तेव्हा युव्हेंटसचे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. भरतांचे ‘अभ्युत्थान’ ते हेच. ३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईत पाकिस्तानने भारताला अवघ्या बारा धावांनी हरविले आणि चेपॉकच्या प्रेक्षकांनी पाकिस्तानी संघाला उभे राहून मानवंदना दिली. चेन्नईचे उदाहरण तुरिनपेक्षा थोडे निराळे आहे. तेथे दाद एका क्षणाला नव्हती, संपूर्ण सामन्याला होती, आणि त्यात औदार्याचा अंश विस्मयाइतकाच होता.

आपल्या मुंबईतील वानखेडे स्टेडियमने मात्र बारा वर्षांच्या अंतराने या विषयाचा जणू एक प्रयोगच करून दाखविला. २ एप्रिल २०११ रोजी महेंद्रसिंह धोनीच्या षटकाराने भारताने विश्वचषक जिंकला. ज्या ठिकाणी तो चेंडू पडला तेथे पुढे २०२३ साली स्मृतिस्थान उभारण्यात आले. फिनलंडचे टपाल तिकीट आणि वानखेडेवरील हे स्मृतिस्थान वरवर सारखी वाटतात. परंतु धोनीचा षटकार हा स्वतः अद्भुत नव्हता. अकरा चेंडूंत चार धावा हव्या होत्या आणि सामना हाती आलेला होता. ते स्मारक विजयाचे आहे आणि त्या विजयाचा अभिमान रास्तच आहे. त्याच मैदानावर ७ नोव्हेंबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलिया आणि अफगाणिस्तान यांचा सामना झाला. २९२ धावांचा पाठलाग करताना ऑस्ट्रेलियाचे ७ गडी ९१ धावांत बाद झाले होते. ग्लेन मॅक्सवेल पायांत गोळे आल्यामुळे धावू शकत नव्हता. पाय न हलविता, केवळ हातांच्या बळावर तो मारीत राहिला आणि १२८ चेंडूंत नाबाद २०१ धावा करून त्याने सामना जिंकून दिला. पॅट कमिन्सने दुसऱ्या टोकाला ६८ चेंडूंत केवळ १२ धावा केल्या, आणि त्या बाराही मोलाच्या ठरल्या. प्रेक्षागारातील मुंबईकरांचा त्या सामन्यात कोणी नव्हता. उलट आरंभी बऱ्याच जणांचा ओढा दुबळ्या बाजूकडे, म्हणजे अफगाणिस्तानकडे होता. तेच प्रेक्षक शेवटी मॅक्सवेलसाठी उभे राहिले. तेथे दुसरा क्षण आलाच नाही. पहिलाच लांबत गेला.

याच्या बाराच दिवसांनी, १९ नोव्हेंबर २०२३ रोजी, अहमदाबादेत त्याच ऑस्ट्रेलियाने अंतिम सामन्यात भारताला हरविले. कमिन्सच्या चेंडूवर विराट कोहली त्रिफळाचीत झाला आणि ते विशाल मैदान निःशब्द झाले. मोठा जमाव गप्प होतो ते ऐकण्यासारखे समाधान नाही, असे कमिन्स आदल्या दिवशी म्हणाला होता.

येथे भरतांच्या दैवी सिद्धीचे स्मरण होते. मानुषी सिद्धीत गलका आहे, वस्त्रे उडतात, लोक उठतात. दैवी सिद्धीचे एक लक्षण असे की रंगगृह पूर्ण भरलेले आहे आणि तेथे शब्द नाही, क्षोभ नाही, उत्पात नाही. भरतमुनी शांततेला गलक्याच्या वरचे स्थान देतात. मग अहमदाबादची शांतता दैवी सिद्धी मानावी काय? लक्षणे शब्दशः जुळतात. आशय जुळत नाही. ती शांतता दुसऱ्या क्षणाची होती, विवश झालेल्या अभिमानाची. अद्भुत गोलापूर्वी, चकती किंवा चेंडू हवेत असताना जी एक निमिषभर शांतता पसरते, तिचे नाते दैवी सिद्धीशी आहे. बाहेरून दोन्ही सारख्याच ऐकू येतात. समीक्षकाचे काम त्या वेगळ्या करून दाखविण्याचे आहे, आणि दूरदर्शनच्या पडद्यावरील आवाजाची पट्टी मोजून ते होणार नाही.

आवाज आधी, दृश्य नंतर

नभोवाणीच्या श्रोत्याचे स्थान या सर्वांहून निराळे. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूर येथे हॉकीच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानवर २-१ असा विजय मिळविला. अशोककुमारचा निर्णायक फटका गोलखांबाच्या आतल्या कोपऱ्याला लागून बाहेर आला. पाकिस्तानने हरकत घेतली, पंचांनी गोल ग्राह्य धरला. भारतातील बहुसंख्य लोकांनी तो गोल पाहिला नाही, जसदेवसिंग यांच्या समालोचनातून ऐकला. संस्कृत परंपरेच्या शब्दांत सांगावयाचे तर दृश्यकाव्याचे तेथे श्रव्यकाव्य झाले. आणि हे करताना एक विलक्षण उलटापालट होते. समालोचकाचे शब्द घटनेच्या किंचित मागे असतात, जमावाचा कल्लोळ मात्र तत्काळ येतो. श्रोत्याला अनुभाव आधी मिळतो, विभाव नंतर. ‘काही तरी झाले’ हे कळले आहे, ‘काय झाले’ हे कळावयाचे आहे. रेडिओला कान लावून बसलेल्या माणसाचा श्वास तेवढ्या अंतरात अडकलेला असतो. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी क्रिकेट मराठीत ऐकविले ते याच अंतरात शब्द भरून. हा अनुभव देणारी पिढी आता मागे सरत चालली आहे, आणि त्यावरचे समीक्षालेखन मराठीत फार थोडे आहे.

तालमीतून मैदानात

महाराष्ट्रात गोल या गोष्टीवर जीव टाकणारे शहर म्हणजे कोल्हापूर. तेथील फुटबॉल संघांची नावेच इतिहास सांगतात : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनी फुटबॉल उचलला, आणि खासबाग मैदानाभोवती घडलेला प्रेक्षक राजर्षी शाहू स्टेडियमवर येऊन बसला. खासबाग हे राजर्षी शाहू महाराजांच्या काळातील, मध्यभागी खोल हौदा आणि सभोवती चढत जाणारी बैठक असलेले मैदान. कोठूनही डाव दिसावा अशी त्याची रचना. ‘दिसावा’ हा शब्द महत्त्वाचा, कारण कुस्तीचा जाणता प्रेक्षक मल्लाइतकाच डावाचा चाहता असतो.

स्टेडियमवर मात्र पेठांचा अभिमान वरचढ ठरतो. सामन्यांतील हुल्लडबाजी, दगडफेक, समर्थकांच्या मारामाऱ्या हे कोल्हापूरच्या फुटबॉलचे जुने दुखणे. भरतांनी प्रयोगाच्या घातांपैकी ‘परसमुत्थ’ घातात मत्सराने केलेला आरडाओरडा आणि शेण-ढेकळे फेकण्याचा उल्लेख केला आहे. तेव्हा हे दुखणे केवळ कोल्हापूरचे किंवा केवळ आपल्या काळाचे समजण्याचे कारण नाही. आणि तेच प्रेक्षक विश्वचषकाच्या काळात ब्राझील व अर्जेंटिना अशा दोन तटांत विभागले जातात, भिंती रंगवितात, फलक लावतात. ब्युनोस आयरेसशी त्यांचे रक्ताचे, भाषेचे, राष्ट्राचे कोणतेच नाते नाही. हा अभिमान आला कोठून? मला वाटते, येथे क्रम उलटा आहे. आधी विस्मय झाला, मॅराडोनाच्या १९८६ मधील त्या धावेसारख्या एखाद्या दृश्याने, आणि त्या विस्मयाभोवती पुढे पिढ्यान्‌पिढ्या अभिमान साचत गेला. विस्मय हा अभिमानाचा बळी असतो तसा तो अभिमानाचा जनकही असू शकतो, ही गोष्ट कोल्हापूरच्या पेठांनी दाखवून दिली आहे.

विस्मयाशिवायचा अभिमानही असतो. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन परतले तेव्हा कराडहून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गाडीत बसलेल्यांपैकी कोणी ती कुस्ती पाहिली नव्हती. कोणता डाव बसला हे त्यांना सांगोवांगीच कळले असणार. तरीही त्या मिरवणुकीला कोण हिणवील? शासनाने जे केले नाही ते गावाने केले. म्हणूनच अभिमानाला कमी लेखून विस्मयाला डोक्यावर घ्यावे, असे मी म्हणत नाही. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त आपल्या पूर्वजाचे, नारायणाचे, मत नमूद केले आहे की सर्व रसांचे सार चमत्कार असल्यामुळे सर्वत्र अद्भुत हाच एक रस होय. ते मत क्रीडांगणावर जसेच्या तसे लावले तर बैलगाड्यांना जागाच उरत नाही.

तक्रार आहे ती आपल्या भाषेच्या वापराविषयी. मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठावरील शब्द पाहावेत : धुव्वा उडविला, धूळ चारली, लोळविले, चारी मुंड्या चीत केले, पाणी पाजले. हे सारे निकालाचे शब्द आहेत, आणि त्यांतील बहुतेक तालमीतून व रणांगणातून आलेले. गंमत अशी की तालमीतला निवेदक स्वतः असे बोलत नाही. आपल्या भागातील यात्रांत हलगी कडाडत असते, ध्वनिक्षेपकावरचा माणूस ढाक, कलाजंग, पोकळ घिस्सा, एकचाक अशी डावांची नावे घेत असतो, आणि कुस्ती हरलेल्याच्या गावचा म्हाताराही मान डोलावून ‘डाव चांगला बसला’ म्हणतो. भरतांनी प्रयोगाच्या परीक्षकांत, प्राश्निकांत, धनुर्धराला स्थान दिले आहे. सौष्ठवाच्या बाबतीत त्याचे मत घ्यावे. ज्याला बाण सोडता येतो त्याला नेम कोणाच्या बाजूने लागला यापेक्षा तो कसा लागला हे आधी दिसते. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत त्या कुस्तीविषयी दोन ओळी येतात : विजेत्याचे नाव, गाव आणि इनामाची रक्कम. डाव कोणता होता, ते फडात बसलेल्या माणसालाच विचारावे लागते.